कन्सोल कपाटात, कंट्रोलर उपाशी

ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि तिची खोली रिकामी झाली. खिडकी असलेली, आतून कडी लागणारी, आणि मुख्य म्हणजे एकाच माणसाची खोली. ताईची बॅग जिना उतरत होती तेव्हा भिंगरीने डोळे पुसले, खरंच पुसले, पण पुसता पुसता आपलं टेबल खिडकीखाली मावेल का याचा अंदाजही घेऊन टाकला. दादा त्याहून पुढचा. तो बॅग आणायला म्हणून खोलीत गेला आणि येताना स्वतःचा शर्ट तिथल्या खुंटीवर टांगून आला.

"शर्ट काढ," भिंगरी म्हणाली. "ताई अजून गाडीत बसली नाहीये."

"मी मोठा आहे. खोली वयाने मिळते."

"अक्कलही वयाने मिळत असती तर मी काही बोलले नसते."

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. एका जागी बसलेली तिला कुणी पाहिली नव्हती. जन्मापासून ती दादाबरोबर एका खोलीत राहत आली होती. त्याचे मोजे, त्याचं घोरणं, त्याचं फोनवर मित्रांशी चालणारं खिंकाळणं, सगळं तिने सोसलं होतं. आता सुटकेचं दार समोर उघडं होतं आणि दारात दादाचा शर्ट लोंबत होता.

भांडण आईपर्यंत गेलं. आई परीक्षा केंद्रावर मुख्य पर्यवेक्षक होती. तिच्या हॉलमध्ये मुलं शिंक आली तरी आधी हात वर करतात असं सांगतात. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरडाओरडा नको. दोघांना समान संधी मिळेल असं काहीतरी ठरवा."

"गेम," दादा लगेच म्हणाला. "रविवारी गाड्यांची शर्यत. जो जिंकेल त्याची खोली."

हे तो का म्हणाला ते उघड होतं. या शर्यतीत तो भिंगरीला वर्षानुवर्षं हरवत आला होता. फक्त गेल्या महिन्यात ती एकदा जिंकली होती, आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. दादा त्या विजयाला तुक्का म्हणत असे. भिंगरी त्याला 'सुरुवात' म्हणत असे.

"चालेल," ती म्हणाली. "पण रविवारपर्यंत मी शाळेत असणार, आणि याला सुट्टी. हा दिवसभर सराव करणार. ही कसली समान संधी?"

हा आक्षेप घेताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला कसं कळणार?

आईला आक्षेप पटला. तिने टीव्हीखालून कन्सोल काढला, त्याच्या वायरी गुंडाळल्या, सगळं एका कापडी पिशवीत भरलं, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं, पट्टीवर आडवी सही ठोकली आणि पिशवी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. "रविवारी दुपारी पेपर फुटेल. म्हणजे उघडेल," ती म्हणाली. नोकरीतले शब्द तिच्या तोंडातून असे अधूनमधून निसटत.

बाहेर राहिले ते दोन बिनवायरीचे कंट्रोलर. दादाचा काळा, भिंगरीचा निळा. दुसऱ्या दिवशी भिंगरीने, नुसतं बोटांना वळण राहावं म्हणून, निळ्याचं बटण दाबलं. त्याने दोनदा डोळे मिचकावले आणि मान टाकली.

आता लख्ख प्रकाश पडला. या घरात कंट्रोलर आजवर एकाच पद्धतीने चार्ज झाले होते: खेळून झालं की कन्सोलला जोडायचे आणि जेवायला जायचं. कन्सोल म्हणजे त्यांची आईच. आणि ती आई आता या आईच्या कपाटात.

"आई, थोडा वेळ कन्सोल दे ना. फक्त चार्जिंगला."

"प्रश्नपत्रिका फक्त बघायला मिळते का कुणाला?"

"अगं, कंट्रोलरच चालत नाहीये."

"पेन तुमचं, पेपर माझा," आई भाजी चिरता चिरता म्हणाली. "ज्याने त्याने आपलं पेन आणायचं. वाळलं तर पेपर थांबणार नाही. हे दादालाही लागू."

दादा सोफ्यावरून हसला. "आमचं पेन भरलेलं असेल गं. तू तुझ्या दौतीचं बघ."

भिंगरीने बाबांच्या वायरींचा खण उपसला. त्या खणात मेलेल्या सगळ्या फोनच्या वायरी सुखाने नांदत होत्या. एक तोंडाला बसेना, दुसरी बसली पण दिवा लागेना, तिसरी बसली आणि निळ्या कंट्रोलरच्या कपाळावर नारिंगी दिवा मंद श्वास घेऊ लागला. फोनच्या चार्जरवर कंट्रोलर चालतो हा शोध आपणच लावला अशा थाटात तिने घरभर एक गिरकी घेतली आणि शाळेला गेली.

परत आली तर दिवा विझलेला. बटण दाबलं, कंट्रोलर मढ्यासारखा गप्प. वायर खराब असणार. तिने वायर बदलली. संध्याकाळी पुन्हा तेच. चार्जर खराब असणार. तिने चार्जर बदलला. तिसऱ्यांदा मात्र ती दाराआड लपून राहिली, आणि गुन्हेगार हात पाठीमागे बांधून संथपणे चालत आला.

आजोबा. आजोबांची सारी हयात वीज खात्यात गेली होती आणि निवृत्त झाल्यावर ते खातं त्यांनी घरी आणलं होतं. दिवसातून कितीतरी वेळा ते खोल्याखोल्यांतून फेरी मारत आणि जिथे बटणावर लाल ठिपका दिसेल तिथे बोट टेकवत. कोण काय चार्ज करतंय, कुणाची इस्त्री तापतेय, हे प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नव्हते.

"आजोबा, तो मी लावलाय."

"काय आहे ते? वटवाघूळ?"

"कंट्रोलर. चार्ज होतोय."

"मग तू कुठे होतीस? राखण करायला माणूस नाही आणि वीज चालू. उघडा नळ सोडून जातेस का कधी?"

भिंगरीने बटणावर कागद चिकटवला: बंद करू नये. आजोबांनी आधी बटण बंद केलं, मग चष्मा आणला, मग कागद वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुधारलंय हो तुझं."

मग तिने बटण नसलेल्या जागा शोधायला घेतल्या. मैत्रिणीची पॉवर बँक आणली. ती थोडा वेळ जागी राहायची आणि आपणहून झोपी जायची. तिला फोनसारखी घटाघट पिणारी गिऱ्हाइकं सवयीची. कंट्रोलर चिमणीसारखा थेंब थेंब पितो म्हटल्यावर समोर कुणी नाहीच असा तिचा समज होत असे. दर थोड्या वेळाने बटण दाबून तिला उठवायचं काम भिंगरीने गणिताच्या गृहपाठाबरोबर करून पाहिलं, आणि त्यात दोन्ही बिघडलं.

टीव्हीच्या पाठीमागे एक भोक होतं. टीव्ही चालू असेपर्यंत त्यातून वीज मिळते हेही तिने शोधून काढलं. आजोबा रोज संध्याकाळी बातम्या बघत, म्हणजे बंद करणाराच समोर बसून राखण करणार. तिला वाटलं, आता आली गाडी रुळावर. पण आजोबांची बातम्या बघण्याची पद्धत अशी की जाहिरात लागली की टीव्ही बंद. बटणापासून बंद. जाहिरात संपली असेल असं त्यांना आतून वाटलं की मग चालू.

"साबणवाल्यासाठी मी वीज का जाळू?" ते म्हणत.

दादा हे सगळं मजेत बघत होता. त्याने आपला काळा कंट्रोलर लॅपटॉपला लावून ठेवला होता. "लॅपटॉपला भिंतीवर बटण नसतं," तो म्हणाला. "आजोबांना कळणारच नाही. याला म्हणतात डोकं."

"दोन विषय राहिले तेव्हा ते कुठे चार्जिंगला लावलं होतंस?"

शनिवार उजाडला. निळ्या कंट्रोलरमध्ये जेमतेम एका फेरीपुरता जीव होता. भिंगरी जिना उतरून खाली बाबांच्या दुकानात जाऊन बसली, कारण विचार करायला तिला कात्रीचा आवाज लागायचा.

बाबांचं सलून घराच्या बरोबर खाली होतं. तीन खुर्च्या, समोर सलग आरसा, आणि आरशाखाली फळीवर ट्रिमरची रांग. प्रत्येक ट्रिमर आपापल्या वायरीला चिकटलेला, प्रत्येकाच्या पोटावर हिरवा ठिपका. भिंगरी त्या रांगेकडे बघत राहिली. या घराच्या छपराखाली रात्रंदिवस चालू असणारी ही एकच वीज होती. तिच्या बटणावर बाबांनी पत्र्याचं झाकण ठोकलं होतं आणि त्यामागे इतिहास होता. एकदा आजोबांनी ते बटण रात्री बंद केलं आणि सकाळी एका गिऱ्हाइकाचं डोकं निम्मं झाल्यावर सगळे ट्रिमर एका दमात बंद पडले. ते गृहस्थ डावीकडून संन्यासी आणि उजवीकडून संसारी दिसत होते, आणि त्यांना तसंच बँकेत जायचं होतं. त्या दिवशी बाबांनी जन्मात पहिल्यांदा आपल्या वडिलांना 'अण्णा, पुरे' म्हटलं होतं.

"बाबा, इथे एक वायर रिकामी आहे."

"हां, त्याचा ट्रिमर गेला दुरुस्तीला. का गं?"

"माझा कंट्रोलर लावू?"

"लाव. पण माझ्या रांगेत लाव, वाकडातिकडा नको." बाबांचं सगळं रांगेत असायचं.

निळा कंट्रोलर ट्रिमरच्या ओळीत शेवटचा जाऊन बसला, जवळच्या नातेवाईकासारखा. नारिंगी दिवा श्वास घेऊ लागला. त्या रात्री भिंगरी गाढ झोपली, दादाच्या घोरण्यासकट.

रविवारी दुकानात नेहमीसारखी झुंबड. दुपारी शटर अर्धं खाली आल्यावर ती कंट्रोलर आणायला गेली. दिवा पूर्ण भरल्याची खूण दाखवत होता. तिने तो उचलला, आणि तो हातातून मासोळीसारखा सुळकन निसटून टॉवेलच्या ढिगात पडला.

"बाबा, याला काय केलंत?"

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. रविवारी सकाळी दुकान उघडता उघडता ते रांगेतलं एकेक यंत्र हातात घेत. आधी ब्रशने केस झाडायचे, मग औषधी फवारा मारायचा, मग जिथे जिथे फट दिसेल तिथे तेलाचा थेंब. गेली कित्येक वर्षं हे काम त्यांचे हात करत आणि तोंड पहिल्या गिऱ्हाइकाशी राजकारण बोलत असे.

"अरेच्चा," बाबा म्हणाले. "तरी म्हटलं, या ट्रिमरला फटी फार आहेत."

कंट्रोलरला लिंबाचा वास येत होता. बटणं चालत होती, पण गाडी वळवायची दांडी, जिच्यावर अंगठा घट्ट बसायला हवा, ती तेलाने लोण्यासारखी झाली होती. पुसलं तरी आतून पुन्हा पाझरे. बाबांनी टाल्कम पावडर मारली, तर त्याची खीर झाली. शेवटी त्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळतात ती पांढरी कागदी पट्टी फाडून तिच्या अंगठ्याला चापूनचोपून बांधली. "आता बघ. पकड कशी येते." पकड आली. अंगठा मात्र अपघात विभागातून आल्यासारखा दिसत होता.

वर सगळे जमले होते. आईने पिशवीवरची सही दोघांना दाखवली. "सील शाबूत आहे, बघून घ्या." मग पट्टी फाडली, कन्सोल जोडला, आणि घड्याळ काढून समोर ठेवलं. तीन फेऱ्यांची शर्यत. पडदा मधोमध दुभंगला: वर दादाची लाल गाडी, खाली भिंगरीची पिवळी.

"अंगठ्याला काय झालं?" दादाने विचारलं.

"लढाईची तयारी."

"हरायचं कारण म्हण ना सरळ."

पहिल्या फेरीत दादा पुढे. भिंगरीला पट्टीवाल्या अंगठ्याची सवय व्हायला वेळ लागला. पुलावर तिची गाडी कठड्याला घासली आणि आजोबा खुर्चीतून म्हणाले, "ब्रेक कुठाय याचा? तो आधी शोधावा माणसाने." दुसऱ्या फेरीत तिला लय सापडली. बोगद्यातून बाहेर येताना पिवळं नाक लाल शेपटीला टेकलं. दादाचं शिट्टी वाजवणं थांबलं. तो सोफ्याच्या कडेला सरकला, त्याने वळण घेतलं, आणि पडदा जागच्या जागी गोठला. वर एक ओळ आली: कंट्रोलर जोडा.

दादाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काळा कंट्रोलर गप्प.

"अशक्य आहे," तो म्हणाला. "दोन दिवस लॅपटॉपला लावलेला होता."

"आणि लॅपटॉप कशाला लावला होतास?" भिंगरीने विचारलं.

सगळ्यांच्या माना आपोआप आजोबांकडे वळल्या. आजोबा अजिबात ओशाळले नाहीत. "त्याच्या चार्जरचं बटण मी परवा बंद केलं. झाकण मिटून झोपला होता तो. झोपलेल्याला कुणी भरवतं का?"

आईने घड्याळ उचललं. "पेन वाळलं. नियम दोघांना आधीच सांगितला होता. खोली भिंगरीची."

"आई, हे पेन नाहीये गं," दादा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"नियमात ते पेनच आहे."

झालं. खोली मिळाली. भिंगरीने फक्त गप्प बसायचं होतं, आणि नेमकं तेच तिला कधी जमलं नव्हतं. तिने दादाकडे पाहिलं. तो हरल्यासारखा दिसतच नव्हता. लुबाडला गेल्यासारखा दिसत होता. तिच्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं झरझर सरकली: दादा काकांना सांगतोय, दादा आपल्या बायकोला सांगतोय, टक्कल पडलेला दादा नातवंडांना गोळा करून सांगतोय, तुमच्या आत्याआजीने मला कधीच हरवलं नाही रे, बॅटरी गेली होती. आणि नातवंडं माना डोलावतायत. हा विचार तिला खिडकीपेक्षाही जड झाला.

"पुन्हा खेळू," ती म्हणाली.

"लागलेला निकाल सोडतेस?" आईने चष्म्यावरून पाहिलं. "नीट विचार कर. फेरपरीक्षेचे गुण अंतिम असतात. मग रडत आलीस तर ऐकणार नाही."

"नाही येणार. एकेकट्याने एक फेरी, घड्याळ लावून. माझ्याच कंट्रोलरवर. आधी तो, मग मी. कमी वेळ ज्याचा, खोली त्याची."

दादा एकट्याने चालवायला लागला की वाऱ्यालाही मागे टाकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने निळा कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "दांडीला तेल आहे. बाबांनी घातलंय. माझ्याकडे पट्टी आहे अजून एक, बांधून घे."

"बहाणे सांभाळून ठेव, तुलाच लागतील," दादा म्हणाला आणि बसला.

पहिल्याच वळणावर त्याचा अंगठा निसटला आणि लाल गाडी गवताच्या गंजीत शिरली. "अगं, हे काय आहे," असं काहीसं तो पुटपुटला, अंगठा पँटला पुसला आणि गाडी मागे काढली. पण दादा शेवटी दादा होता. पुढची सगळी फेरी त्याने अंगठ्याऐवजी तळहाताने दांडी रेटत अशी काही काढली की बाबांच्याही तोंडून "वा" निघून गेलं. आईने वेळ मोठ्याने वाचली. गंजीत जाऊनसुद्धा ती भिंगरीच्या आजवरच्या उत्तम वेळेच्या एवढीशीच मागे होती.

म्हणजे तिला आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली नाही तरी दुसऱ्या नंबरची फेरी आत्ता काढायची होती. तीही घरच्यांसमोर.

भिंगरीने कंट्रोलर घेतला. पुलापर्यंत सगळं ठीक. पुलावर पट्टी सैल झाली आणि तिचं टोक तिच्या बोटांत फडफडायला लागलं. तिने खाली न बघता ते दातांत धरलं आणि पट्टी ओढून काढली. आता अंगठा उघडा, दांडी तेलकट. तिने दांडीवर जोर देणंच सोडून दिलं. नुसतं बोट टेकवलं, झोपलेल्या मांजराला टेकवावं तसं, आणि गाडी आपणहून वळली. बोगद्यात शिरताना आजोबा "ब्रेक" म्हणाले, तिने ऐकलं नाही. शेवटच्या वळणावर आतल्या बाजूला गाडीपुरतीच फट होती. दादा तिथून कधीच जात नसे. ती गेली. गाडीचा आरसा कुठेतरी घासल्याचा आवाज झाला आणि तिने शेवटची रेघ ओलांडली.

आईने वेळ पाहिली. चष्मा काढून पुसला आणि परत पाहिली. मग बाबांना दाखवली, कारण तिच्या केंद्रावर दुसऱ्या सहीशिवाय निकाल जात नाही.

"भिंगरी," आई म्हणाली. "अगदी थोडक्यात. पण भिंगरी."

भिंगरीने सोफ्यावर उडी मारली, तिथून खाली, तिथून आजोबांच्या खुर्चीमागून एक फेरी. दादा पडद्याकडे बघत होता. मग त्याने हाताला लागलेलं तेल हुंगलं.

"तेल होतं," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं."

"मला सरावाची संधी मिळाली नाही तेलावर."

"पट्टी देत होते."

"तरी तेल होतंच," दादा शांतपणे म्हणाला, आणि भिंगरीच्या लक्षात आलं की नातवंडांना सांगायला त्याला गोष्ट मिळालीच. बॅटरीच्या ऐवजी तेल, एवढाच फरक. पण त्याने उठून ताईच्या खोलीतला शर्ट आणला आणि न सांगता तिच्या टेबलाचं एक टोक धरलं. "चल. एकटीने ढकलशील आणि फरशी फोडशील."

टेबल बोळातून गेलं आणि खोलीच्या दारात अडकलं. दादा उलट्या पावलांनी पुढे असल्यामुळे आत, भिंगरी बाहेर, आणि मध्ये टेबल, पुढेही नाही, मागेही नाही.

"तिरकं कर," भिंगरी म्हणाली.

"तू कर. माझ्या बाजूने काही अडचण नाहीये." आत खिडकी उघडल्याचा आवाज आला. "वारा काय सुंदर येतो गं इथे. समोरच्या गच्चीवरचं मांजरसुद्धा दिसतं."

"दादा, खोली माझी आहे. बाहेर ये."

"कुठून येऊ?"

भिंगरीने टेबलाखाली वाकून पाहिलं. अंग चोरलं तर जेमतेम जागा होती. तिने केस मागे बांधले, गुडघे टेकले आणि आपल्या खोलीत रांगत जायला सुरुवात केली.